फुकटात विमान उडवतात, मग बजेट काहून लागते जी?

प्रश्न : संपादक भाऊ, नमस्कार. माझ्या मोठ्या साळ्याची नात अमेरिकेत राहते, १४ वर्षांची हाय. तिकडं सिव्हिल एअर पॅट्रोल (विमानानं गस्त घालणारी स्वयंसेवक संघटना) म्हणून काही हाय त्याच्यात ती कॅडेट हाय, निळा ड्रेस घालून ग्रुपवर फोटो टाकते. परवा व्हिडिओ कॉलवर तिचे बाबा म्हणे, सरकार खर्च कमी करून राहिलं, पोरीची विमानात बसायची पाळी येते का नाही काय माहीत. म्या म्हटलं, अबे तुम्हीच सांगता का तिथले सगळे बिनपगारी हायेत, मग बजेट कापलं तं बिघडलं काय? सगळे फिदीफिदी हसले पण उत्तर कोणीच देलं नाही. तुम्ही सांगा.
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : हसणाऱ्यांना हसू द्या भाऊ, प्रश्न एक नंबर आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या गावच्या भंडाऱ्यातच आहे. हनुमान जयंतीला वांगे चिरणारे, बुंदी पाडणारे, पंगतीत धावून धावून वाढणारे पोट्टे, कोणी एक रुपया घेत नाही. पण तेलाचा पिपा फुकट येते का? सिलेंडर? डाळीचं पोतं? वर्गणी अर्धी झाली तर सेवेकरी पन्नास उभे असून पंगत अर्धीच बसते. विमानाचं याच्याहून बेक्कार आहे, ते पुढं सांगतो, आधी ही मंडळी कोण ते थोडं.

१ डिसेंबर १९४१ ला ही संघटना निघाली, आणि सहाच दिवसांनी पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नौदल तळावर जपानचा हल्ला झाला, म्हणजे टायमिंग पहा. स्वतःची छोटी विमानं असलेले साधे लोक, दुकानदार म्हणा, शेतकरी म्हणा, अटलांटिकच्या किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायचे. १९४६ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही करून तिला कायद्याचं रूप दिलं आणि १९४८ पासून ती अमेरिकन एअर फोर्सची अधिकृत सहाय्यक संघटना झाली. आज साठ हजारांच्या आसपास मेंबर, साडेपाचशेच्या घरात सेसना कंपनीची एका इंजिनाची विमानं. हरवलेलं विमान शोधायचं, वादळ-पूर आला की वरून फोटो काढायचे, आणि १२ वर्षांपासूनच्या पोरापोरींना कॅडेट म्हणून घडवायचं, अशी कामं. पगार तर नाहीच, उलट वर्षाची फी भरा, ड्रेसही बहुतेक आपल्याच खिशातून घ्या.

आता पैसा. तो येतो तिकडच्या संसदेकडून, एअर फोर्सच्या बजेटमधूनच. एअर फोर्सनं काम सांगितलं की त्या उड्डाणाचं इंधन आणि मेंटेनन्स सरकार देतं. हे इंधन म्हणजे आपल्या स्प्लेंडरमधलं पेट्रोल नव्हे, विमानाचं वेगळं महागडं पेट्रोल, आणि सेसना १७२ तासाला ३०-३५ लिटर पिते. शिवाय वर्षाला एकदा सगळं विमान खोलून तपासणी, आणि साधारण २००० तास झाले की इंजिन पूर्ण उतरवून ओव्हरहॉल.

अन् खरी मेख इथं आहे. विमान उडो की नुसतं उभं राहो, विमा लागतो, हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड लागते, वर्षाची तपासणी चुकत नाही. ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा असला तरी बँकेचा हप्ता थांबतो का? नाही ना, तसंच. म्हणजे बजेटमधून दहा रुपये कापले तर ते सगळ्या खर्चावर थोडे थोडे पसरत नाहीत, ते जाऊन पडतात फक्त उड्डाणाच्या तासांवर, कारण तेवढाच एक खर्च हातात असतो. आणि त्या तासांतही कोणी खरोखर हरवला असेल तर ते उड्डाण कोणी रद्द करत नाही. मग रद्द काय होते? प्रॅक्टिस.

लोकांना वाटते प्रॅक्टिस एखादा महिना नाही झाली तर काय होते. अहो, जंगलात पडलेलं छोटं विमान वरून विमानासारखं दिसतच नाही, झाडाखाली पांढरा चिंधीएवढा तुकडा दिसला तर नशीब. त्यासाठी पायलटशिवाय एक-दोन जण नुसते खिडकीतून खाली पाहायला बसतात, आणि ती नजर घरी बसून तयार होत नाही. पायलटचंही तेच, मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर तिथल्या नियमानं त्याला सोबत माणसं घेऊन उडताच येत नाही. बरेच जण सरावाचे पैसे स्वतः घालतात. काही लोक म्हणतात एवढी हौस आहे तर घालू द्या की, पण मला हे पटत नाही, कारण मग ज्याच्या खिशात दम तोच उरतो आणि चांगल्या नजरेचा मास्तर किंवा मेकॅनिक हळूच गळतो.

मोठ्या घरानं हात आखडला की काय होते ते २०१३ मध्ये दिसलं. त्या मार्चमध्ये तिथं आपोआप लागू होणारी खर्चकपात आली, आणि खुद्द एअर फोर्सनं लढाऊ स्क्वाड्रन जमिनीवर बसवल्या, थंडरबर्ड्स या आपल्या कसरती करणाऱ्या विमानांच्या तुकडीचे एअर शो बंद केले. जिथं थोरल्याच्या ताटात भाकर कमी पडली तिथं त्याच थैलीवर जगणाऱ्या धाकट्याला कसली हमी.

नातीबद्दल मात्र एवढी काळजी नको. कॅडेटला इंजिनाच्या विमानातल्या पाच आणि ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातल्या पाच फेऱ्या असतात, पैसे न घेता, आणि १८ वर्षांची होईपर्यंत त्या घेता येतात. म्हणजे तिच्याकडं अजून चार वर्षं आहेत. या वर्षी नंबर नाही लागला तर पुढच्या वर्षी लागेल. तिच्या बाबांना सांगा, तोवर जमिनीवरचं शिकून घेऊ द्या, नकाशा, वायरलेस, हवामान, त्याला पेट्रोल लागत नाही.

प्रश्न : आपल्या इकडं असं काही आहे का? माझा मुलगा एनसीसीत होता पण त्याला विमान फक्त आकाशात दिसलं.
(एक वाचिका, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ताई, त्याच्या कॉलेजात आर्मी विंग असेल. एनसीसीची एअर विंग वेगळी असते, नागपुरात तिचं युनिट आहे आणि कॅडेटना मायक्रोलाइट नावाच्या छोट्या विमानात नेतात. पण हे कॅडेट शोधमोहिमेवर जात नाहीत, ते काम आपल्याकडं वायुदलाचं. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुरात अडकला तेव्हा वायुदलाचीच हेलिकॉप्टरं बोलवावी लागली होती. स्वयंसेवक म्हणाल तर आपले होमगार्ड जवळचे, त्यांना पगार नाही, ड्युटीच्या दिवसाचा भत्ता, आणि हात आखडला की तिथंही कापले जातात ते ड्युटीचे दिवसच.

धाकटी पोरगी असेल अन् तिला उडायची हौस असेल तर बारावीनंतर फॉर्म भरायच्या आधीच कॉलेजात विचारा, एअर विंग आहे का म्हणून. नुसतं "एनसीसी आहे का" विचारलं तर सगळेच हो म्हणतात.