आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वरच्या वस्तीवर पाण्याची टाकी उभी आहे, पाइप पुरलेत, दारोदारी तोट्या बसल्यात आणि तोटीला पाणी नाही. यावर तुम्ही सात-आठ जण मिळून काहीतरी करायचं म्हणताय. जरूर करा. मात्र 'आंदोलन कसं उभं करायचं' असं जे तू विचारलंयस, त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण त्याची वेळही शेवटीच येते.

नोकरीची सगळी वर्षं मी टेबलाच्या पलीकडे काढली. ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून भाऊसाहेबच. त्या खुर्चीवरून कुणाची धास्ती वाटते ते मला पक्कं ठाऊक आहे. ओरडणारा येतो, ओरडतो, चहा पिऊन जातो. हळू आवाजात "भाऊसाहेब, पोच द्या" म्हणणारा आला की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

म्हणून पहिली गोष्ट पोच. कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक. आवक क्रमांक पडला की तो कागद नोंदवहीत चढला, मग त्याचं काय झालं हे कुणाला ना कुणाला सांगावंच लागतं. "ठेवून जा, साहेब आले की बघतो" असं गोड बोलून ठेवून घेतलेला कागद म्हणजे तू कार्यालयाला रद्दी भेट दिलीस. शिपाई नाही म्हणाला, लिपिक जेवायला गेला, शिक्का कपाटात आहे, किल्ली सापडत नाही. बाकावर बसून राहायचं. बसलेल्या माणसाला फार वेळ कुणी बसू देत नाही.

अलीकडे निवेदन देण्याची एक नवी रीत पडली आहे. पाच जण, हातात एक कागद, मध्ये साहेब, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. फोटो ग्रुपवर, खाली पन्नास अंगठे. साहेबांनाही तो फोटो आवडतो, कारण त्यांचं काम तिथेच संपलेलं असतं. तुमच्यापैकी कुणाला फोटो काढायचाच असेल, तर कोरड्या तोटीचा काढा, रोज एकाच वेळी, मागे घर क्रमांक दिसेल असा. एप्रिलअखेर तुमच्याकडे महिन्याभराची नोंद असेल आणि तिच्यापुढे "पाणी सोडतो की आम्ही, एक दिवसाआड" हे वाक्य टिकणार नाही.

आता कागद कोणते मागायचे. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असं तू लिहिलंयस आणि सोबत नमुना जोडलायस: "वस्तीला अद्याप पाणी का मिळाले नाही? याला जबाबदार कोण?" हा अर्ज गेला तर उत्तर मी आत्ताच सांगतो: 'मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' 2005 च्या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाच्या ताब्यातला कागद. 'का' हा कागद नव्हे. तेव्हा कागदाला त्याच्या नावाने हाक मार: योजनेचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल, ठेकेदाराला दिलेल्या देयकांचा तपशील, आणि काम पूर्ण दाखवलं असेल तर पूर्णत्वाचा दाखला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द असा नियम आहे, त्यामुळे टाकीतून वाहून थेट गटाराच्या कामापर्यंत जाऊ नकोस. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव. हे कागद बहुधा ग्रामपंचायतीत नसतील, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे असतील. पण अर्ज चुकीच्या दारात गेला तरी पाच दिवसांत योग्य दारात पाठवणं हे त्यांचं काम आहे, कलम 6(3). उत्तराला तीस दिवस. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

यातली मोजमाप पुस्तिका नीट बघ. सगळे तिला एम.बी. म्हणतात. प्रत्यक्ष किती काम झालं हे अभियंत्याने मोजून त्यात लिहायचं असतं आणि बिल त्यावरून निघतं. पाइपचा व्यास, लांबी, कुठून कुठपर्यंत, सगळं तिथे असतं. तुमच्यातला जो मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करतोय त्याला टेप घेऊन टाकीपासून वस्तीपर्यंत चालायला लाव. पुस्तिकेतली लांबी आणि जमिनीवरची लांबी जुळली, तर दोष पाइपात नाही; पंपात आहे, वीजजोडणीत आहे किंवा मुळात उद्भवातच, म्हणजे जिथून पाणी उचलायचं तिथेच, पाणी नाही का ते शोधा. नाही जुळली, तर कुणावरही आरोप न करता ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे. घरोघरी नळ देण्याच्या जल जीवन मिशन योजनेत माणशी रोज 55 लिटर असं गृहीत धरलेलं आहे. त्याच्यापुढे तुझा फोटोंचा महिना ठेव.

हे झालं कागदाचं. कागद तुझ्यासारखीला जमेल, त्याची मला काळजी नाही.

काळजी दुसरी आहे. पत्रात तू तीनदा लिहिलंयस, "मी वस्तीचा आवाज होणार." तू गावठाणातली. तुझ्या घरी नळ आहे, बोअर आहे. वस्तीला तिचा आवाज आहे, फक्त तो सभेत निघत नाही. का निघत नाही ते आधी शोध. तू माहिती काढलीयस की बायका पाणी कुठून आणतात? कुणाच्या विहिरीवरून? तो विहीरवाला कोण, पंचायतीत कुणाच्या बाजूचा, ठेकेदाराचा कोण लागतो? ज्या माणसाच्या मेहेरबानीवर रोजचे दहा हंडे भरतात, त्याला झोंबेल असा ठराव आला की त्या बाईने हात वर करायचा कसा? तू सभेत खणखणीत बोलून घरी जाशील. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून तिला कुणी काही बोलणारसुद्धा नाही, नुसती मोटार बंद ठेवतील.

हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. हे ठाऊक असलं की डाव वेगळा मांडता येतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या जातात. ती खरोखर भरवायला लावा. तिथे विहीरवाला नसतो. तिथे बायका बोलतात, आणि असं बोलतात की पुढे कुठल्या वकिलाची गरज पडत नाही: पहाटे किती वाजता उठावं लागतं, कुठली पोरगी त्यापायी शाळेला उशिरा जाते, बाळंतिणीच्या घरी पाणी कोण आणून टाकतं. ते महिला सभेच्या इतिवृत्तात आलं की ग्रामसभेत कुणा एकीला उभं राहावं लागत नाही, ठराव सगळ्यांचा असतो. तू तिथे लिहून घ्यायला बस. बोलायला नको.

ग्रामसभेचं तंत्रही समजून घे, कारण सगळी मेहनत तिथेच पाण्यात जाते. वर्षाला किमान चार सभा, नोटीस सात दिवस आधी. विषय अजेंड्यावर हवा असेल तर नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज दे. 'ऐनवेळचे विषय' येईपर्यंत अर्धं गाव उठलेलं असतं. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल ते. कोरम नसेल तर सभा तहकूब. तहकूब सभेला मग कोरम लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही. आलं ना लक्षात? नको असलेल्या विषयाचा काटा काढायला कोरमच मोडायचा, ही जुनी युक्ती आहे. म्हणून शंभर माणसं तुम्ही स्वतः मोजून आणा. आणि ठराव झाला की सूचक-अनुमोदकाच्या नावासह त्याचा मजकूर तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवायला सांग. सभेत टाळ्या एका ठरावाला पडतात आणि प्रोसिडिंग बुकात आठवड्याने दुसराच उमटतो, हे मी खूप पाहिलंय.

लोकांना सोबत घेणं म्हणजे किती चिकट काम असतं हे बघायचं असेल तर बाटली आडवी करणाऱ्या बायकांना जाऊन भेट. सरकारमान्य दारू दुकान बंद करायला 2008 च्या आदेशानुसार पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं. उत्पादन शुल्क खातं त्या सह्या पडताळतं. मग गुप्त मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत, आलेल्यांच्या नव्हे. सहाशे बायकांची यादी असेल तर 301. जी घरी राहिली, माहेरी गेली, ऊसतोडीला गेली, तिचं मत उभ्या बाटलीलाच पडल्यासारखं. भाषणाने हा आकडा गाठता येत नाही. ज्या गावांनी गाठला ती दार दार फिरली.

आणि शिकायचंच असेल तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुला पाठ असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. तिच्यामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट आहेत ते फिरत नाहीत. गावातले देवाजी तोफा आणि बाकीचे गावकरी, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत बसून कायदा समजून घेत राहिले, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेत राहिले. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. तरी स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. हक्क मिळाल्यानंतरसुद्धा दोन वर्षं! तुम्ही पोरं महिन्याभरात कंटाळता.

आता धोक्याचं. पाण्याच्या योजनेत पैसा असतो, आणि पैशाच्या वाटेत आलेल्या माणसाला आधी समजावतात, मग बदनाम करतात. "कुणाच्या पॅनलची गं तू?" हा प्रश्न येणारच, निवडणूक नसली तरी येतो. पण गोष्ट कधी कधी त्यापुढेही जाते. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनीचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. म्हणून एकटीच्या नावाने अर्ज नको. एकच माहिती तिघा-चौघांनी आपापल्या नावाने मागा, कागदाच्या प्रती निरनिराळ्या घरी ठेवा. तुझ्या आईला सगळं सांग. तिला न सांगता काही करणार असशील तर मी यात नाही.

आणि ते आंदोलन. एवढं सगळं करूनही टाकी कोरडीच राहिली तर करा, हक्काचं आहे. मात्र आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदी लागू आहे का ते विचारून घ्या, आपल्याकडे ती बरेचदा लागू असते. तुमच्यातले चौघे भरतीची तयारी करतायत. रास्ता रोकोत एक गुन्हा नोंदला गेला की चारित्र्य पडताळणीच्या वेळी हेलपाटे त्यांना पडतील, तुमच्या शेजारी फोटोत उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याला नाही.

आज मार्चची सुरुवात आहे. अर्ज या आठवड्यात गेला तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कागद हातात यायला हवेत, म्हणजे 1 मेच्या ग्रामसभेआधी विषय देता येईल. त्याआधी मतदार यादी बघ. कॉलेजसाठी पुण्यात असताना तू नाव तिकडे हलवलं असशील तर इथल्या ग्रामसभेत तुला बसायचाही हक्क नाही, मग वस्तीतल्याच एखाद्या मुलीच्या नावाने अर्ज करा. तसं केलंत तर मला उलट बरंच वाटेल. मसुदा पाठव, तपासून परत देतो. आणि 'प्रति' खाली साहेबांचं नाव लिहिलंयस ते खोड, फक्त 'जन माहिती अधिकारी' आणि कार्यालयाचा पत्ता लिही. मे महिना बदल्यांचा असतो.

तुझा,
भाऊसाहेब