खोली घ्या, पण आधी तो हप्ता थांबवा

ठाण्याच्या नौपाड्यातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३५. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून ते घरूनच मोबाइल, लॅपटॉप, गॅजेट्सच्या बातम्या लिहितात. गेल्या आर्थिक वर्षात साडेदहा लाख मिळाले, त्यातले सत्तर टक्के एकाच परदेशी वेबसाइटकडून, बाकी दोन भारतीय पोर्टलांकडून. घरखर्च भाड्यासह महिना ६५ हजार, बचत खात्यात १ लाख १० हजार. घरी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेली ६४ वर्षांची आई. प्रश्न असा: वन बीएचकेत काम होत नाही, मग १२ हजार जास्त भाडं देऊन पाचपाखाडीत टू बीएचके घ्यावा का?

कामाला खोली हवीच, त्यात दुमत नाही. पण स्टेशनजवळचं भाडं रोज लोकल पकडणाऱ्यानं द्यावं, तुम्ही का देताय? कासारवडवलीकडे बघा. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक रोज बाहेर पडणाऱ्याला छळतो, तुम्हाला नाही. आत्ताच्या ३० हजारांत किंवा थोडं वर-खाली तिकडे जमण्यासारखं आहे, आणि मुलीची शाळा पक्की व्हायच्या आत हलणं सोपं.

मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या दोन ओळींची. ‘मागच्या ऑगस्टमध्ये बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी गॅरंटीड प्लॅन करून दिला, वर्षाला १ लाख २०, टॅक्सही वाचतो. मेडिक्लेम ऑफिसचा होता, आता बघायचाय.’

म्हणजे दीड वर्ष तुमच्या घरातल्या चौघांपैकी एकाचाही आरोग्य विमा नाही, आणि सवा लाखाच्या घरात रक्कम जाते कुठे, तर या बचत-विम्याच्या प्लॅनमध्ये!

तुम्ही कळवलेले आकडे मांडू. दहा वर्षांत १२ लाख भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख मिळणार. ‘जवळपास दुप्पट’ ऐकायला छान वाटतं, पण हा परतावा वर्षाला जेमतेम ४ टक्के पडतो. पीपीएफवर सध्या ७.१ टक्के व्याज आहे. समजा, भरलेला पहिला हप्ता पूर्ण बुडाला आणि उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये टाकले, दर हाच राहिला, तरी विसाव्या वर्षी ३० लाखांच्या आसपास होतात. शिवाय काम आटलं त्या वर्षी पीपीएफमध्ये ५०० रुपये भरून खातं चालू ठेवता येतं. तुमच्या कामात हे महत्त्वाचं आहे: सप्टेंबरचा आयफोन, दिवाळीचे सेल, जानेवारीचं लास व्हेगासचं सीईएस हे गॅजेट्सचं प्रदर्शन संपलं की बातम्या रोडावतात. त्यात एका वेबसाइटनं हात आखडला तर सत्तर टक्के कमाई गेली. अशा माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा ठरलेला हप्ता बांधणं चूकच आहे.

आणि टॅक्स कुठला वाचतो? २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि त्या प्रणालीत विम्याच्या हप्त्याची ८० सीची वजावट मुळात मिळतच नाही. तुमच्या बाबतीत हे वाक्य निव्वळ विक्रीसाठी बोललेलं आहे.

तेच १ लाख २० हजार असे वापरा. तिघांचा १० लाखांचा फ्लोटर, म्हणजे एकत्र आरोग्य विमा, आणि आईंची वेगळी पॉलिसी, दोन्ही मिळून अंदाजे ५५ हजार. एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, १५ हजारांच्या आत-बाहेर. वैयक्तिक विम्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. आईंचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा, लपवलात तर ऐन वेळी क्लेम अडेल. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि तो काळ पॉलिसी घेतल्यापासून मोजतात. नोकरी सोडतानाच ऑफिसच्या विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज केला असता, तर तिथला काळ धरला गेला असता. कुणी नोकरी सोडत असेल तर हे आधी करा.

आता हिशेब बघा. पाचपाखाडीचं घर आणि हा प्लॅन दोन्ही ठेवलेत तर वर्षाचा खर्च जवळजवळ साडेदहा लाख, हातात काही नाही. प्लॅन सोडून, वरचे विमे घेऊन, भाडं आहे तेवढंच ठेवलंत तर वर्षाला दोन लाख उरतात. ते लिक्विड फंडात, म्हणजे पटकन पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात, किंवा एफडीत टाका. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे चार लाख, दीड वर्षात जमेल. तोवर पीपीएफचाही विचार नको.

पत्रात म्हणता तसं ‘टॅक्स कापूनच येतो’ म्हणून रिटर्न भरायचं नाही, हेही सोडा. भारतीय पोर्टलांनी दहा टक्क्यांनी कापलेले तीसेक हजार मुदतीत रिटर्न भरलंत तर परत मिळतील. परदेशातून आलेली रक्कमही त्यात दाखवायची. निम्मं उत्पन्न नफा धरण्याची सोय ज्या व्यवसायांना आहे त्यांच्या यादीत पत्रकारिता नाही, म्हणून फॉर्म सीएकडूनच भरून घ्या.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष संपल्यावर सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्याची, काही रक्कम मिळते. किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. आधी आरोग्य विमा आणि टर्म प्लॅन हातात येऊ द्या, मग ऑगस्टच्या हप्त्याचं ऑटो-डेबिट बँकेत जाऊन बंद करा. साहेब ‘निदान दोन हप्ते तरी भरा’ म्हणतील. भरू नका.