अडीच महिन्यांपासून जुलाब थांबत नाहीत, कारण काय असू शकतं?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याला राहणाऱ्या अण्णांना (वय ५८, शुगर आहे) अडीच महिन्यांपासून दिवसातून चार-पाच वेळा पातळ होतंय. मेडिकलवरून आणलेली गोळी घेतली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. मी डॉक्टर नाही, भुसावळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

चार आठवड्यांच्या वर गेले की ते जुनाट जुलाब. तिथे काल काय खाल्लं याला फारसा अर्थ उरत नाही. आपल्याकडे मात्र सगळं खापर शेवभाजीच्या तर्रीवर फुटतं. तर्रीने एखादी रात्र खराब होईल, अडीच महिने नाही.

दुसरा ठरलेला आरोपी म्हणजे अमीबा, पोटातला सूक्ष्म परजीवी. नळाला रोज पाणी नाही, साठवलेलंच प्यायचं, म्हणून अमीबा आणि जिआर्डिया (असाच दुसरा परजीवी) दोन्ही आपल्याकडे सापडतात. जिआर्डिया तर पोट फुगवत, घाण वासाचे जुलाब देत महिनोन्महिने मुक्काम करतो. पण न तपासता मेट्रोनिडाझोलचा (या परजीवींवरचं औषध) कोर्स पुन्हा पुन्हा करणं मला पटत नाही. रोग दुसराच निघाला तर तेवढे महिने वाया. आणि तपासायचं तर नीट. गावाकडून शौचाच्या नमुन्याची डबी एसटीने दोन-तीन तासांनी आमच्या टेबलावर येते. अमीबा हलताना दिसायला नमुना अर्ध्या तासाच्या आतला लागतो, नंतर तो ओळखणं अवघड जातं. जिआर्डिया रोजच्या रोज बाहेर पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या. एका 'नॉर्मल' रिपोर्टवर विसंबू नका.

अण्णांच्या बाबतीत मी आधी गोळ्यांची पिशवी बघेन. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? जुलाब हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम, आणि कधी कधी वर्षानुवर्षं सोसल्यावरही तो सुरू होतो. स्वतःहून बंद करू नका; डॉक्टर डोस कमी करतात किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देतात. ॲसिडिटीच्या मॅग्नेशियमवाल्या औषधानेही पातळ होतं. पित्ताशय काढलेलं असेल तर तेही सांगा, पित्तरस मोठ्या आतड्यात उतरून जुलाब लागतात.

बाकी कारणं: थायरॉईड वाढणं, दूध न पचणं, गव्हातलं ग्लूटेन न सोसणं (सिलिॲक), स्वादुपिंडाचा आजार. यातल्या शेवटच्यात शौच तेलकट होतं, तरंगतं, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहतं. सिलिॲकची गंमत अशी की कोणीतरी सांगितलं म्हणून पोळी सोडून महिनाभर गहू नसलेल्या कळण्याच्या भाकरीवर राहिलात आणि मग रक्त तपासलंत, तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य.

आयबीएस (आतड्यात सूज-जखम न दिसता पोट बिघडत राहण्याचा त्रास) हे नावही कानावर येईल. त्यात पोट दुखतं, शौचाला जाऊन आलं की बहुतेकदा हलकं वाटतं, आणि माणूस सहसा झोपेतून उठून पळत नाही. अण्णांना रात्री उठावं लागत असेल, वजन उतरत असेल, शौचात रक्त असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर आयबीएस म्हणून सोडून देऊ नका. आतड्याचा टीबी, आतड्याला सूज आणणारे कोलायटिस आणि क्रोन्स, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, हे बघावंच लागतं, त्यासाठी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून फार सारखे दिसतात, म्हणून तुकडा तपासायला पाठवतात. क्रोन्स समजून स्टेरॉईड दिलं आणि निघाला टीबी, तर तो बळावतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. खरं तर ५८ व्या वर्षी शौचाची सवय नव्याने बदलली, एवढं एक कारणही कोलोनोस्कोपीबद्दल विचारायला पुरेसं आहे. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनच्या ओपीडीला दाखवा.

तोवर ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासात चिमूटभर नाही. शुगर आहे म्हणून टाळू नका. जुलाब वाढले, लघवी कमी झाली, उठताना चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मेटफॉर्मिनचा पुढचा डोस घ्यायचा की नाही हे तिथे पोचताच विचारा.