लग्नात उरलेलं जेवण द्यायचं का, कुणाला आणि कसं?

प्रश्न: ताई, डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. आमचा अंदाज ५०० पानांचा, पण केटरर म्हणतोय ६०० चं करू, कमी पडलं तर नाव जातं. मुलगी म्हणते उरलं तर आश्रमात देऊन टाकू. सासूबाईंना ते अजिबात पटत नाही, उरलंसुरलं देणं हे कसलं दान म्हणतात. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: सासूबाईंचं निम्मं पटलं मला. ताटातलं खरकटं आणि पातेल्यातलं हात न लागलेलं जेवण यात फरक आहेच, दुसरं द्यायला काहीच हरकत नाही. पण "उरलं तर देऊ की" म्हणत आधीच १०० पानं जास्त करायची हे काही बरोबर नाही, ती केटररची सोय झाली.

आणि प्रत्यक्षात काय होतं, रात्री अकराला कुणालातरी आठवतं, गाडी मिळत नाही, आश्रमातली मुलं जेवून झोपलेली असतात, मग ते सकाळी पाठवतात. असं अजिबात करू नका! शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताचं तर जास्तच जपा, त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढला की जे विष तयार होतं ते परत गरम करूनही जात नाही. आपण जे स्वतःच्या नातवाला वाढणार नाही ते दुसऱ्याच्या पोराला का?

म्हणून आश्रमाला आठवडाभर आधीच फोन करून विचारा, किती वाजेपर्यंत घेतील, काय चालेल. उरलेलं जेवण गोळा करून गरजूंना वाटणारी मंडळीही आहेत: मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली, २०१४ ला दिल्लीत सुरू झालेली स्वयंसेवकांची रॉबिन हूड आर्मी आता बऱ्याच शहरांत आहे, हे स्वयंसेवक पैसे घेत नाहीत, फक्त जेवण. तुमच्या भागात कोण आहे ते मुलीला शोधायला लावा, आयडिया तिचीच आहे ना. शक्य असेल तर लग्न दुपारचं ठेवा, उरलेलं उजेडात पोचतं.

केटररला सांगा, भाताची आणि पुऱ्यांची शेवटची खेप गर्दी बघूनच लावायची. बुफे असेल तर ताटं जरा लहान मागवा, पंगत असेल तर आग्रह करणाऱ्या काकांना दुसरं काहीतरी काम द्या (हे सगळ्यात अवघड). दह्याचे आणि दुधाचे पदार्थ मात्र आश्रमाच्या यादीतून आधीच काढा, ते लवकर खराब होतात.