कुठलं पेज (मेमरीचा ठराविक आकाराचा छोटा तुकडा) बदललंय हे लिनक्स कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, कसं कळतं? डिस्कवरच्या प्रतीशी ताडून बघतो का?

ताडूनबिडून कोणी बघत नाही. प्रोग्रॅमने राइट कॉल केला की डेटा पेज कॅशमध्ये, म्हणजे फायलींच्या मेमरीतल्या प्रतीत, कर्नलच उतरवतो. तिथल्या तिथे तो पेजला डर्टी फ्लॅग ('बदललंय, अजून डिस्कवर गेलेलं नाही' अशी खूण) लावतो, फाइलच्या एक्सअ‍ॅरेमध्ये (तिच्या पेजेसच्या सूचीत) टॅग मारतो आणि आयनोड (फाइलची कर्नलमधली नोंद) डर्टी यादीत टाकतो. डर्टी पेजेस डिस्कवर लिहिणाऱ्या फ्लशर थ्रेडला मग सगळी मेमरी चाळावी लागत नाही.

गोम आहे ती एममॅपमध्ये, म्हणजे फाइल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडतात तिथे. तिथे प्रोग्रॅम परस्पर मेमरीत लिहितो. प्रोसेसर पेज टेबलात (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यात) डर्टी बिट लावतो खरा, पण तो वेळेवर बघणार कोण? म्हणून 2006 च्या 2.6.19 या कर्नल आवृत्तीपासून शेअर्ड मॅपिंगमधलं (बदल फाइलपर्यंत पोचवणाऱ्या जोडणीतलं) स्वच्छ पेज मुद्दाम रीड-ओन्ली ठेवतात. पहिल्यांदा लिहायला गेलं की फॉल्ट होतो (प्रोसेसर थांबून कर्नलला बोलावतो), कर्नल नोंद करतो आणि मग लिहू देतो. राइटबॅकच्या, म्हणजे डिस्कवर लिहायच्या, वेळी परवानगी परत काढून घेतो.

आता माझं जुनं दुखणं. आमच्या टीम लीडचं ठाम मत होतं, "फाइल क्लोज केली ना? मग झाली सेव्ह." एका गिऱ्हाइकाकडे वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली, आणि शेवटच्या बिलांच्या फायली निघाल्या शून्य बाइटच्या. नावं जागेवर, आत काही नाही. साहेबांनी डिस्कवर खापर फोडलं आणि डिस्क बदलून घेतली! मी त्यांच्यासमोर आमचाच प्रोग्रॅम चालवला आणि मेमइन्फो (कर्नलची मेमरीच्या आकड्यांची फाइल) दाखवली. प्रोग्रॅम संपला, प्रॉम्प्ट आला, तरी 'डर्टी'चा आकडा चढलेलाच. फ्लशर दर 5 सेकंदांनी उठतो, पण 30 सेकंद जुनी झालेली पेजेसच उचलतो. एक्सटी4 ही फाइल सिस्टिम तर तोवर डिस्कवर ब्लॉकही ठरवत नाही, म्हणून शून्य बाइट. यावर साहेब काय म्हणाले? "तुझ्या मशीनवर होत असेल."

तर, पैशाचा मामला असेल तिथे एफसिंक करा, म्हणजे 'फाइल आत्ताच डिस्कवर लिही' असा कॉल. नवी फाइल असेल तर तिच्या डिरेक्टरीलाही करा. "स्लो होतं" म्हणणाऱ्यालाच हरवलेली बिलं परत टाइप करायला बसवा. आणि एफसिंकने एरर दिली तर नुसता पुन्हा मारू नका. पेज लिहिलं गेलेलं नसतानाही कर्नलने ते स्वच्छ ठरवलेलं असू शकतं, मग दुसरा एफसिंक खुशाल पास होतो. 2018 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांचं याच्यावरून डोकं फिरलं होतं. आता ते अशा वेळी सरळ पॅनिक करतात (डेटाबेसच बंद पाडतात) आणि वॉलवरून (WAL, बदलांच्या आधीच लिहिलेल्या लॉगवरून) सावरतात.

हां, हे सगळं फाइलच्या पेजेसचं. मॅलॉकच्या मेमरीचा (प्रोग्रॅमने स्वतःसाठी मागितलेल्या, फाइल नसलेल्या) प्रश्न थेट स्वॅपच्या, म्हणजे मेमरी कमी पडून पेजेस डिस्कवर हलवायच्या, वेळी येतो. वरचे सेकंद डिफॉल्ट आहेत, सिसकंट्रोलने (sysctl, कर्नलच्या सेटिंग्जची कमांड) बदलता येतात. शिवाय डर्टी मेमरी फार साचली तर फ्लशर 30 सेकंदांची वाट बघत नाही.