नातवंडं मे महिन्यात गुहागरला येणार असतील तर

आधी पाणी बघा. मेमध्ये विहीर तळाला जाते, आणि समुद्रावरून आल्यावर प्रत्येकाला पुन्हा आंघोळ लागतेच. टाकी रात्रीच भरून ठेवा, दुपारी वीज गेली की पंप बंद. मागच्या पडवीत पिंप आणि तांब्या ठेवा. पाय, चड्ड्या तिथेच धुवायच्या. वाळू न्हाणीघरात गेली की मोरी तुंबलीच म्हणून समजा.

पोहण्याची वेळ पंचांगावरून ठरवा. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी जोरात ओसरत असतं आणि आत ओढतं. त्या दिवशी मुलांना वाळूतच खेळवा. दशमीला भरती साडेसातला, म्हणून पाचला पाणी चढतं असतं, ते बरं. तरीही गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि एक मोठं माणूस मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभं हवंच. अमावास्या-पौर्णिमेला ओढ सगळ्यात जास्त.

पहिल्या रात्री मऊ भात, मेतकूट, तूप पुरे. घाटातून आलेल्या पोटाला मासे दुसऱ्या दिवशी. आंबे तासभर पाण्यात बुडवून, देठाकडचा चीक पुसूनच हातात द्या, नाहीतर ओठांवर फोड येतात.