चॅटबॉट असताना शिक्षकाच्या भावनिक बुद्धिमत्तेची गरज काय?

विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर शिक्षकाच्या भावनिक बुद्धिमत्तेची गरज उरेल का, असे आपण विचारले आहे. गरज उरेल, मात्र ती बुद्धिमत्ता प्रत्येक शिक्षकापाशी असतेच असे नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

माझा एक विद्यार्थी निबंधातून माझ्याशी भांडत असे. समासात ‘सर, हे पटत नाही’ असे लिहून ठेवी. दुसऱ्या सत्रात त्याचे लेखन एकाएकी गुळगुळीत झाले. काम वेळेत येत असल्यामुळे विद्यार्थ्यांची जोखीम मोजणाऱ्या प्रणालीत त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. मजकूर यंत्राने लिहिला आहे का हे तपासणाऱ्या दुसऱ्या प्रणालीने मात्र लाल शेरा मारला आणि तो अहवाल छापून, टेबलावर ठेवून मी त्याला बोलावले. अहवालाकडे न पाहताच तो म्हणाला, “हो सर, मी नाही लिहिलं.” बराच वेळ गप्प राहून त्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. कित्येक आठवडे तो पहाटे तीन-साडेतीनला चॅटबॉटला सांगत होता की झोप येत नाही, वाचलेले डोक्यात शिरत नाही.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तेव्हा भावना ओळखण्याइतकेच त्या जाणिवेचा विचारात आणि कृतीत उपयोग करण्याला महत्त्व दिले. बदल मलाही दिसला होता. मी त्याचा उपयोग आरोपासाठी केला.

आमचे एक सहकारी तेव्हापासून म्हणतात की, वर्गात कॅमेरे लावून चेहऱ्यांवरून भावना ओळखाव्यात, म्हणजे असे विद्यार्थी आधीच सापडतील. हा शुद्ध वेडेपणा आहे. माझा विद्यार्थी वर्गात हसतच बसत असे. युरोपीय संघाने शिक्षणसंस्थांतील अशा वापरावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, हे मी त्यांना दोनदा लिहून कळवले. उत्तर आलेले नाही.

शंका विचारायला किंवा अपरात्री मन मोकळे करायला चॅटबॉट खुशाल वापरावा. समुपदेशकाची जागा मात्र त्याला देऊ नये, कारण आपण बोलणे थांबवले तर ‘काय झाले’ म्हणून तो सहसा दार ठोठावत नाही.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या संभाषणात चॅटबॉटने त्याला तीनदा सुचवले होते की, विश्वासातल्या एखाद्या शिक्षकाशी बोलून पाहा. तिसऱ्यांदा त्याने उत्तर दिले होते, ‘सरांशी बोलेन, एवढा निबंध झाला की.’